धावपट्टीवरील बर्फ, शेतातील युरिया आणि विहिरीचे पाणी

पौष महिन्यातील पहाट. कोपरगाव तालुक्यातील काकडी गावच्या माळावर धुई दाटलेली असते. याच माळावर शिर्डीचा विमानतळ उभा आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती श्री. रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि शिर्डीचे तीर्थक्षेत्र देशाच्या हवाई नकाशावर आले. येथील धावपट्टी २,५०० मीटर लांब आहे. हिवाळ्यात या धावपट्टीला त्रास होतो तो धुईचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यमानता कमी झाल्याने येथील उड्डाणे अनेक दिवस बंद ठेवावी लागली होती.

धुई उन्हाबरोबर विरते, बर्फ मात्र विरत नाही. जगाच्या थंड प्रदेशांतील शेकडो विमानतळांना दर हिवाळ्यात आपल्या धावपट्टीवरील बर्फाशी झुंज द्यावी लागते. या झुंजीत यंत्रांच्या जोडीला रसायनेही वापरली जातात. अहिल्यानगर जिल्ह्यात धावपट्टीवर बर्फ साचण्याचा संभव नाही, मग येथील शिक्षकाने, ग्रामपंचायत सदस्याने अथवा विस्तार अधिकाऱ्याने या विषयात लक्ष का घालावे, असा प्रश्न साहजिकच उभा राहील. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. तो शब्द म्हणजे युरिया.

जे पांढरे दाणे जिल्ह्यातील शेतकरी उसाच्या सरीत टाकतो, तेच दाणे अनेक दशके परदेशांतील धावपट्ट्यांवर बर्फ सोडविण्यासाठी टाकले जात होते. पुढे तेथील यंत्रणांना ते बंद करावे लागले. ते का बंद करावे लागले, हे समजून घेतले तर आपल्या विहिरींविषयी एक महत्त्वाचा धडा हाती लागतो.

पाणी गोठते कसे?

शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. पाण्यात दुसरा एखादा पदार्थ विरघळलेला असला की ते त्याहून खालच्या तापमानाला गोठते. विरघळलेल्या पदार्थाचे कण पाण्याच्या रेणूंच्या मध्ये येतात व त्यांना बर्फाच्या शिस्तबद्ध रचनेत बसू देत नाहीत, असे याचे सोपे स्पष्टीकरण देता येईल.

हे तत्त्व आपल्याकडील घरांना नवे नाही. उन्हाळ्यात लाकडी पॉटमध्ये आईस्क्रीम करताना आतल्या डब्याभोवती बर्फाचे तुकडे आणि खडेमीठ भरले जाते. नुसत्या बर्फाने दूध घट्ट होत नाही. मीठ पडताच बर्फ वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढून घेतो आणि खाऱ्या पाण्याचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. पॉटमध्ये या गुणाचा उपयोग थंडी निर्माण करण्यासाठी होतो, तर धावपट्टीवर बर्फ वितळविण्यासाठी. तत्त्व मात्र एकच आहे.

गोठणबिंदू किती खाली जाईल हे पदार्थ कोणता यापेक्षा पाण्यात त्याचे कण किती झाले यावर मुख्यतः अवलंबून असते. मीठ विरघळले की त्याच्या प्रत्येक घटकाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतात. युरियाचा रेणू पाण्यात अखंडच राहतो. म्हणून वजनाला वजन धरले तर मीठ युरियापेक्षा अधिक प्रभावी ठरते. मिठाचे पाणी योग्य प्रमाणात केले तर उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते. युरियाची मर्यादा उणे १२ अंशांच्या जवळपास आहे आणि प्रत्यक्ष धावपट्टीवर त्याचा जोर त्याआधीच ओसरतो.

बर्फाचा धोका

विमान उतरल्यानंतर त्याला थांबविण्यात चाकांच्या ब्रेकचा मोठा वाटा असतो. ब्रेक कितीही चांगले असले तरी चाक आणि जमीन यांच्यामध्ये घर्षण नसेल तर ते निरुपयोगी ठरतात. उड्डाणाच्या वेळी धोका वेगळा असतो. अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल चाकांना ओढून धरतो व विमानाला आवश्यक तो वेग येत नाही.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी जर्मनीतील म्युनिक विमानतळावर याचा दारुण प्रत्यय आला. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाला घेऊन निघालेले विमान तिसऱ्या प्रयत्नातही धावपट्टीवरून उठू शकले नाही. ते धावपट्टी ओलांडून पुढे जाऊन आदळले आणि २३ जणांना प्राण गमवावे लागले. पंखांवरील बर्फामुळे हा अपघात झाला, असा ठपका प्रथम वैमानिकावर ठेवण्यात आला. धावपट्टीवरील बर्फाच्या चिखलामुळे विमानाचा वेग घटला, हा निष्कर्ष पुढे ब्रिटनमधील चौकशीत निघाला आणि अनेक वर्षांनी त्या वैमानिकावरील ठपका दूर झाला. धावपट्टी कोरडी व स्वच्छ ठेवणे ही किती गंभीर जबाबदारी आहे, हे या घटनेने साऱ्या जगाला शिकविले.

काम कसे चालते?

बर्फ काढण्याच्या कामात रसायनाचा क्रम नेहमी दुसरा असतो. सैल बर्फ प्रथम फाळ लावलेल्या मोटारींनी बाजूला सारला जातो. मागोमाग फिरते ब्रश पृष्ठभाग झाडून काढतात आणि कडेला साचलेला ढीग यंत्राने दूर फेकला जातो. एवढे झाल्यावर जमिनीला घट्ट चिकटलेला पातळ थर उरतो. त्याच्यासाठी रसायन लागते.

हे रसायन दोन प्रकारे वापरतात. पहिल्या प्रकारात बर्फ पडण्यापूर्वीच कोरड्या धावपट्टीवर द्रव फवारला जातो, त्यामुळे बर्फ जमिनीला धरतच नाही. दुसऱ्या प्रकारात बर्फ धरल्यानंतर त्यावर दाणे टाकतात. दाणे बर्फात बारीक छिद्रे पाडीत तळाशी पोहोचतात. तेथे खारे पाणी पसरते व बर्फाची जमिनीवरील पकड सुटते. सारा बर्फ वितळविणे हा हेतू नसतो. पकड सुटली की उरलेले काम ब्रश करतात. आधी फवारणी केल्यास रसायन कमी लागते, म्हणून हवामानाचा अंदाज अचूक असणे येथे फार मोलाचे ठरते.

विमानाच्या अंगावरील बर्फ काढण्याची क्रिया याहून वेगळी आहे. तेथे ग्लायकॉल या वर्गातील द्रव गरम करून पंखांवर फवारतात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालण्यात येणाऱ्या द्रवाशी त्याचे जवळचे नाते आहे. या लेखाचा विषय धावपट्टीपुरता मर्यादित आहे.

मीठ का नाही?

मीठ स्वस्त आहे, प्रभावी आहे आणि थंड देशांतील रस्त्यांवर ते हजारो टन टाकले जाते. तरीही धावपट्टीवर ते वर्ज्य मानले जाते, कारण त्यातील क्लोराइड धातूला खाते. समुद्रकाठच्या गावातील लोखंडी खिडक्यांची जी अवस्था होते ती विमानातील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची व पोलादी भागांची होऊ देणे परवडणारे नाही. बाहेरून न दिसणारी एखादी बारीक चीरही विमानाच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकते.

धातूला फारसा न खाणारा, स्वस्त, दाणेदार आणि सहज मिळणारा पदार्थ हवा होता. खत कारखान्यांतून तो तयारच मिळत होता. अशा रीतीने शेतातील युरिया धावपट्टीवर आला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांच्या विमानतळांवर तो रूढ झाला.

शंभर गोण्यांचा हिशेब

या वापराचे परिमाण किती असू शकते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. शिर्डीएवढी, म्हणजे २,५०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद अशी एक धावपट्टी एखाद्या थंड देशात आहे असे समजू. तिचे क्षेत्रफळ १ लाख १२ हजार ५०० चौरस मीटर, म्हणजे सव्वाअकरा हेक्टर भरेल. दर चौरस मीटरला ४० ग्रॅम युरिया टाकला तर एका वेळी ४,५०० किलो युरिया लागेल. आपल्याकडे मिळणाऱ्या ४५ किलोच्या गोणीच्या हिशेबाने या बरोबर शंभर गोण्या झाल्या.

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे या एका वेळच्या वापरात हेक्टरी सुमारे १८४ किलो नत्र पडले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने सुरू उसासाठी हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस केली आहे व ते नत्रही संपूर्ण हंगामात हप्त्याहप्त्याने द्यावयाचे असते. धावपट्टीवर मात्र अशा दोनच फेऱ्यांत उसाच्या वर्षभराच्या मात्रेपेक्षा अधिक नत्र पडते. थंड देशातील हिवाळ्यात अशा फेऱ्या पुनःपुन्हा कराव्या लागतात.

शेत आणि धावपट्टी यांतील महत्त्वाचा भेद येथेच आहे. शेतात नत्र शोषून घेणारी मुळे असतात. डांबराच्या अथवा काँक्रीटच्या धावपट्टीवर एकही मूळ नसते. बर्फ वितळला की त्याच्याबरोबर सर्व नत्र वाहून जाते. ते कडेच्या गटारात जाते, तेथून ओढ्यात आणि नदीत जाते, तर काही जमिनीत मुरून भूजलात उतरते.

पाण्यावरील परिणाम

पाण्यात गेलेल्या युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. पाण्यातील अमोनिया माशांना विषारी असतो. पुढे जिवाणू या अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात व त्यासाठी पाण्यातील प्राणवायू वापरतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो युरियाचे संपूर्ण रूपांतर होण्यास दोन किलोहून थोडा अधिक प्राणवायू लागतो. थंडगार स्वच्छ पाण्यातसुद्धा दर लिटरला सुमारे १४ मिलिग्रॅम एवढाच प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक किलो युरिया सुमारे दीड लाख लिटर पाण्यातील प्राणवायू संपवू शकतो. शंभर गोण्यांचा परिणाम किती होईल, याची कल्पना यावरून यावी.

विमानतळांजवळच्या ओढ्यांतील जीवसृष्टीवर होणारे हे दुष्परिणाम ध्यानात आल्यावर अनेक देशांनी युरियाकडे पाठ फिरविली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये याबाबत नियम केला. वर्षाला एक हजार अथवा त्याहून अधिक जेट उड्डाणे होणाऱ्या प्रमुख विमानतळांनी धावपट्टीसाठी युरियाविरहित रसायने वापरावीत, अन्यथा वाहून जाणाऱ्या पाण्यातील अमोनियाची ठरवून दिलेली मर्यादा पाळावी, असे त्या नियमाने बंधन घातले.

नॉर्वेचे उदाहरण आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. ऑस्लो शहराचा गार्डेरमोएन येथील मुख्य विमानतळ ८ ऑक्टोबर १९९८ रोजी सुरू झाला. ज्या वाळूमिश्रित भूमीवर तो उभा आहे, तिच्या पोटात त्या देशातील एक मोठा भूजलसाठा आहे. तेव्हा विमानतळ चालविताना या भूजलाची हानी होता कामा नये, ही अट सुरुवातीपासूनच घालण्यात आली. बर्फासाठी ॲसिटेट व फॉर्मेट या वर्गातील रसायने निवडण्यात आली, दूषित पाणी गोळा करण्याची व्यवस्था झाली आणि भूजलाची नियमित तपासणी सुरू झाली. धावपट्टीच्या कडेच्या मातीतील जिवाणू ही रसायने पचवू शकतात. परंतु त्यांच्या या शक्तीलाही मर्यादा आहे. भार वाढला की मातीतील प्राणवायू संपतो आणि लोह व मँगनीज यांसारखी द्रव्ये सुटून पाण्यात उतरू लागतात, असे तेथील अभ्यासातून दिसून आले. जमीन ही सर्व काही पोटात घालणारी अथांग पेटी नव्हे, हा त्याचा अर्थ होय.

शिरका, मुंगी आणि मळी

युरियाची जागा घेणारी मुख्य रसायने दोन वर्गांतील आहेत. ॲसिटेट हे शिरक्यातील आम्लापासून, म्हणजे ॲसिटिक आम्लापासून बनते. फॉर्मेट हे फॉर्मिक आम्लापासून बनते. हेच आम्ल काही जातींच्या मुंग्यांच्या दंशात असते. या आम्लांची पोटॅशियमबरोबर संयुगे केली की त्यांचे द्राव तीव्र थंडीतही गोठत नाहीत. पोटॅशियम ॲसिटेटचा निम्म्यास निम्मा द्राव उणे ६० अंशांच्या आसपास तग धरतो. त्यांत नत्र नसल्याने अमोनियाचा प्रश्न उद्भवत नाही. प्राणवायूची गरजही कमी असते. एक किलो पोटॅशियम ॲसिटेटच्या विघटनास सुमारे ६५० ग्रॅम, तर एक किलो पोटॅशियम फॉर्मेटच्या विघटनास सुमारे २०० ग्रॅम प्राणवायू लागतो.

ॲसिटेटच्या मूळ आम्लाशी अहिल्यानगर जिल्ह्याचा जुना परिचय आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले व जिल्ह्यात साखर कारखानदारी रुजली. साखर काढून घेतल्यावर मळी उरते. मळीपासून आसवनीत मद्यार्क तयार होतो आणि मद्यार्कापासून ॲसिटिक आम्ल तयार करता येते. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथे मद्यार्कापासून अशी रसायने बनविण्याचा उद्योग चालत आला आहे. साकरवाडीच्या आम्लातूनच परदेशातील धावपट्ट्या मोकळ्या होतात, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. शेतमालातून मिळणारा रेणू किती दूरच्या कामाला येऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यास मात्र हे उदाहरण उत्तम आहे. अमेरिकेत मक्याच्या साखरेपासून तयार होणारे प्रोपेनडायॉल नावाचे द्रव्य बर्फनाशक द्रवांत वापरले जाऊ लागले आहे.

ही नवी रसायने सर्वस्वी निर्दोष आहेत असेही नाही. पोटॅशियमच्या क्षारांमुळे विमानांच्या कार्बन ब्रेकची झीज लवकर होते. कॅडमियमचा मुलामा दिलेल्या भागांना गंज चढतो. १९९० च्या दशकात उत्तर युरोपातील काही धावपट्ट्यांचे डांबर मऊ पडून त्यातील खडी सुटू लागल्याचे आढळले. काही प्रकारच्या काँक्रीटलाही त्यापासून इजा पोहोचते. शिवाय युरियाच्या मानाने ही रसायने महाग आहेत. म्हणून यंत्राने जेवढा बर्फ काढता येईल तेवढा काढावा आणि रसायन मोजूनमापून वापरावे, हेच धोरण आज सर्वत्र शहाणपणाचे मानले जाते.

आपल्या देशातील धावपट्ट्या

भारतात धावपट्टीवरील बर्फाचा प्रश्न मुख्यतः जम्मू-काश्मीर व लडाख येथे येतो. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५० मीटरहून अधिक उंचीवर आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी तेथील कच्च्या धावपट्टीवर पहिले विमान उतरविले. डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात दुपारी वारे जोरदार वाहतात व त्यामुळे उड्डाणांचा भर सकाळवर असतो. रात्री साचलेला बर्फ सकाळच्या उड्डाणापूर्वी दूर करावा लागत असल्याने वेळेचे बंधन कडक असते. जानेवारी २०२१ मधील जोरदार हिमवृष्टीत श्रीनगरची विमानसेवा सलग काही दिवस बंद राहिली होती.

हिवाळ्यात रस्ते बंद झाल्यावर या धावपट्ट्याच तेथील नागरिकांचा आणि जवानांचा आधार असतात. रुग्णाला बाहेर हलवावयाचे असो अथवा औषधे व टपाल आत आणावयाचे असो, मार्ग हवाईच असतो. हवाई दलाचे आणि सीमा रस्ते संघटनेचे कर्मचारी कडाक्याच्या थंडीत यंत्रे चालवून तेथील बर्फ दूर करीत असतात. महाराष्ट्रातील अनेक घरांतील मुले त्या सीमेवर सेवा बजावतात. सुटीवर येणाऱ्या अशा जवानाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला मोकळ्या धावपट्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

जिल्ह्यासाठी धडा

विमानतळांनी युरियाच्या बाबतीत जो अनुभव घेतला, त्याचे सार असे की जमिनीवर टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती पिकाच्या मुळांनी घेतली नाही तर हवेत जाते अथवा पाण्यात उतरते. विमानतळाला हे लवकर कळते, कारण तेथे मुळेच नसतात व सारे पाणी एका गटारातून बाहेर पडते. शेतात हेच काम सावकाश आणि नजरेआड होत असते.

१९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या पाटपाण्याने जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. ऊस आला, कारखाने आले, शाळा-महाविद्यालये उभी राहिली. या समृद्धीत रासायनिक खतांचाही वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु पाटाखालच्या उसाला पाणी आणि युरिया दोन्ही सढळ हाताने दिले जातात, तेव्हा पाण्याबरोबर नत्रही मुळांच्या खाली जाते. शेजारच्या विहिरीत ते नायट्रेटच्या रूपाने पोहोचते. केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासणीत राज्यातील ज्या जिल्ह्यांच्या काही भागांत विहिरींतील नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले, त्यांत या जिल्ह्याचाही समावेश आहे. याचा सगळा दोष युरियावर लादणेही योग्य होणार नाही. विहिरीलगतचे उकिरडे, गोठ्यातील मलमूत्र आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतूनही नायट्रेट झिरपते.

पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेले पाणी लहान अर्भकांना विशेष घातक असते. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते व अंगावर निळसर छटा येते. नायट्रेटला रंग, वास अथवा चव नसल्याने पाणी पाहून काहीच कळत नाही. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. पाणी उकळून दिले म्हणजे बाळ सुरक्षित झाले, या समजुतीने निर्धास्त राहणाऱ्या मातेला ही गोष्ट समजावून सांगणे अगत्याचे आहे.

एका गोणीचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्या सर्वाचे नायट्रेट झाले तर ते सुमारे ९२ किलो भरते. एवढे नायट्रेट २० लाख लिटर शुद्ध पाण्याला मर्यादेच्या टोकाशी नेऊन ठेवण्यास पुरेसे आहे. प्रत्यक्षात बरेचसे नत्र पीक घेते व सारे नायट्रेट विहिरीत जात नाही, हे खरे. पण शिफारशीपेक्षा जास्त टाकलेली प्रत्येक गोण बहुतांशी धावपट्टीवर टाकल्यासारखीच असते. तिला घेणारे मूळ उरलेले नसते.

काय करता येईल?

शेतकऱ्याच्या पातळीवर उपाय अवघड नाहीत. सुरू उसाला लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीच्या वेळी ४० टक्के असे नत्र विभागून देण्याची शिफारस आहे. मातीपरीक्षण करून मात्रा ठरविणे, खत मातीआड करणे, खत दिल्यावर पाट भरून पाणी न सोडणे आणि शक्य तेथे ठिबकमधून खत देणे यांमुळे नत्र मुळांजवळ राहते. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे लेपन बंधनकारक करण्यात आले, तेही नत्राचे रूपांतर मंद व्हावे यासाठीच. विमानतळावर हवामानाचा अंदाज पाहून फवारणी होते. शेतावरही पावसाचा अंदाज पाहूनच युरिया टाकावा.

ग्रामपंचायतींनी पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक स्रोताची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करून घ्यावी आणि निकाल गावाला समजेल अशा रीतीने फलकावर लावावा. जलजीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. अशा संचाने नायट्रेटचा प्राथमिक अंदाज घेता येतो आणि शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. पिण्याच्या विहिरीच्या परिसरात उकिरडा व शोषखड्डा असू नये, हा नियमही कटाक्षाने पाळला गेला पाहिजे.

शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. तीन वाट्यांत सारखाच बारीक केलेला बर्फ घ्यावा. एकीत काही घालू नये, दुसरीत दोन चमचे मीठ आणि तिसरीत दोन चमचे युरिया घालून काडीने ढवळावे. थोड्या थोड्या वेळाने तापमापकाने तापमान पाहून फळ्यावर लिहावे. मीठ घातलेली वाटी सर्वांत थंड होईल, युरियाची त्याखालोखाल होईल. मग मिठाच्या पाण्यात एक व युरियाच्या पाण्यात एक असे दोन लोखंडी खिळे ठेवून आठवडाभर निरीक्षण करावे. धावपट्टीवर मीठ का चालत नाही, हे मुलांना आपोआप उमजेल. प्रयोगानंतर हात स्वच्छ धुवावेत. शेवटी मुलांना एक प्रश्न विचारावा की तिसऱ्या वाटीतील पाणी शाळेच्या आडाशेजारी ओतले तर युरिया कोठे जाईल?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थंड देशांतील विमानतळांना अनेक दशके घालवावी लागली आणि ओढ्यांतील माशांना त्याची किंमत मोजावी लागली. बर्फ न पडणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हा अनुभव आयताच मिळाला आहे. त्याचा लाभ घ्यावयाचा असेल तर प्रत्येक गावाने यंदाच्या हंगामात आपल्या पाण्यातील नायट्रेट मोजण्यापासून सुरुवात करावी.